एचआयव्हीची चाचणी, औषधं आणि विषाणूची प्रथिनं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

एचआयव्ही चाचणीचा रिपोर्ट हातात आला की त्यावर 'पी२४', 'अँटिजेन-अँटिबॉडी', 'रिअ‍ॅक्टिव्ह' असे शब्द दिसतात. एआरटीच्या, म्हणजे एचआयव्हीवरच्या औषधोपचाराच्या, बाटलीवर तीन औषधांची नावं एका ओळीत असतात. हे सगळं शेवटी विषाणूच्या मोजक्या प्रथिनांशी जोडलेलं आहे. ती प्रथिनं ओळखीची झाली, की कोणत्या निकालावर केव्हा विसंबायचं आणि गोळी का चुकवायची नाही, हे कुणी पढवावं लागत नाही. म्हणून ही प्रश्नोत्तरं. निदानाचा आणि उपचाराचा निर्णय मात्र तपासणी केंद्रातल्या समुपदेशकांशी आणि डॉक्टरांशी बोलूनच घ्यावा.

विषाणूबद्दल बोलताना प्रथिनांचाच एवढा उल्लेख का होतो?

कारण एचआयव्हीजवळ दुसरं फारसं काही नसतंच. ९ जनुकं, साधारण ९,७०० अक्षरांचा आरएनए आणि त्यातून तयार होणारी पंधराएक प्रथिनं, एवढाच त्याचा संसार. बाहेरच्या आवरणावर जीपी१२० आणि जीपी४१ ही प्रथिनं असतात. आत पी२४ या प्रथिनाचं शंकूच्या आकाराचं कवच असतं. त्या कवचात आरएनए आणि कामाची विकरं (एन्झाइम) असतात: रिव्हर्स ट्रान्सक्रिप्टेज, इंटिग्रेज आणि प्रोटिएज. नावातला आकडा त्या प्रथिनाचं वजन सांगतो, आणि 'जीपी' असेल तर त्या प्रथिनावर साखरेच्या साखळ्या आहेत एवढं समजायचं.

खरं तर हा विषाणू सापडला तोच एका प्रथिनामुळे. १९८३ मध्ये पॅरिसच्या पाश्चर संस्थेत फ्रान्स्वाज बारे-सिनूसी आणि सहकाऱ्यांनी एका रुग्णाच्या लसिकाग्रंथीतल्या पेशी वाढवल्या आणि त्यात रिव्हर्स ट्रान्सक्रिप्टेजचं काम चालू आहे का, हे ठरावीक दिवसांनी मोजत राहिल्या. ते विकर आरएनएवरून डीएनए बनवतं. त्याची हालचाल दिसली, म्हणजे रेट्रोव्हायरस, असं विकर बाळगणारा विषाणू, आहे हे कळलं. विषाणूचं रूप इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली दिसलं ते त्यानंतर. या शोधासाठी बारे-सिनूसी आणि ल्युक माँतान्ये यांना २००८ चं नोबेल मिळालं.

चाचणीत नेमकं काय शोधतात?

तीनपैकी एक गोष्ट: विषाणूच्या प्रथिनांविरुद्ध आपल्या शरीराने बनवलेल्या अँटिबॉडी, किंवा थेट विषाणूचं पी२४ प्रथिन, किंवा विषाणूचा आरएनए.

अँटिबॉडीच्या चाचणीत किटवर विषाणूची प्रथिनं आधीच चिकटवलेली असतात. त्यावर तुमचं रक्त किंवा रक्तद्रव टाकतात. अँटिबॉडी असतील तर त्या तिथे धरून राहतात आणि पुढच्या रसायनामुळे रंग किंवा रेघ उमटते. म्हणजे किटवर विषाणू नसतो, त्याच्यापासून कुणाला लागण होत नाही. ही भीती अनेकांच्या मनात असते, म्हणून मुद्दाम लिहिलं.

मार्च १९८५ मध्ये अमेरिकेत एलायझा या अँटिबॉडी शोधणाऱ्या पहिल्या चाचणीला परवानगी मिळाली. तिच्यात प्रयोगशाळेत वाढवलेला अख्खा विषाणू फोडून वापरत. तो माणसाच्या पेशींमध्ये वाढवलेला असल्याने त्या पेशींची प्रथिनंही मिश्रणात यायची. परिणाम असा, की ज्यांना अनेकदा रक्त चढवलं होतं किंवा ज्यांची अनेक बाळंतपणं झाली होती, त्यांच्यातल्या काहींचा निकाल एचआयव्ही नसतानाही पॉझिटिव्ह यायचा. पुढे जनुकीय तंत्राने हवं तेवढंच प्रथिन, किंवा त्याचा छोटा तुकडा, वेगळा बनवता येऊ लागला आणि चाचण्या खूपच नेमक्या झाल्या.

भारतात एचआयव्हीची पहिली नोंद १९८६ मध्ये झाली तीही एलायझामुळेच. चेन्नईत सेल्लप्पन निर्मला यांनी डॉ. सुनीती सॉलोमन यांच्या मार्गदर्शनाखाली रक्तनमुने गोळा केले आणि वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात ते तपासले. डॉ. सॉलोमन माहेरच्या गायतोंडे, चेन्नईतल्या मराठी घरातल्या. 'आपल्याकडे हा आजार येणारच नाही' असं मानलं जात असताना या दोघींनी चाचणी करून पाहिली, ही गोष्ट आपल्याकडे फार कमी सांगितली जाते.

विंडो पीरियड म्हणजे काय? माझी चाचणी किती दिवसांनी खरी मानायची?

लागण झाल्यापासून चाचणीला काहीतरी सापडेपर्यंतचा काळ म्हणजे विंडो पीरियड. चाचणी काय शोधते यावर तो ठरतो. रक्तात सर्वांत आधी आरएनए दिसू लागतो, त्यानंतर काही दिवसांनी पी२४ आणि त्याच्यामागून अँटिबॉडी.

अमेरिकेच्या सीडीसी या रोगनियंत्रण संस्थेने दिलेले आकडे असे: आरएनएची चाचणी १० ते ३३ दिवसांत लागण पकडू शकते. शिरेतून रक्त घेऊन लॅबमध्ये केलेली पी२४ आणि अँटिबॉडी अशी एकत्रित चाचणी १८ ते ४५ दिवसांत. तीच एकत्रित चाचणी बोटाच्या थेंबावर केली तर १८ ते ९० दिवस. फक्त अँटिबॉडी शोधणाऱ्या चाचण्यांना २३ ते ९० दिवस लागू शकतात.

म्हणून रिपोर्ट निगेटिव्ह आला तर पहिला प्रश्न हा विचारा: कोणती चाचणी केली? 'चौथ्या पिढीची' म्हटलं तर पी२४ आणि अँटिबॉडी दोन्ही पाहिलं आहे. साधी रॅपिड किट असेल तर बहुधा फक्त अँटिबॉडी. तीन महिन्यांनी पुन्हा तपासायला बोलावतात ते याच हिशेबाने, तुमच्यावर संशय म्हणून नव्हे.

आणि एक फार महत्त्वाचं. लागण होण्याजोगा प्रसंग घडून ७२ तास उलटले नसतील, तर चाचणीच्या दिवसांचा हिशेब करत बसू नका. त्याच दिवशी सरकारी रुग्णालयात जाऊन पीईपी, म्हणजे लागण टाळण्यासाठीची औषधं, मागा. २८ दिवसांची ती औषधं जितकी लवकर सुरू होतील तितकी उपयोगी पडतात.

पी२४ लवकर सापडतं, तर सगळीकडे फक्त तेच का शोधत नाहीत?

कारण ते टिकत नाही. शरीर पी२४ विरुद्ध अँटिबॉडी बनवू लागलं, की त्या पी२४ ला धरून ठेवतात आणि मोकळं पी२४ रक्तात सापडेनासं होतं. फक्त पी२४ पाहिलं तर जुनी लागण सुटेल, फक्त अँटिबॉडी पाहिल्या तर ताजी. म्हणून दोन्ही एकत्र.

रिपोर्टवर 'रिअ‍ॅक्टिव्ह' लिहिलंय. म्हणजे मला एचआयव्ही आहे?

त्या शब्दाचा अर्थ एवढाच, की किटवर रंग किंवा रेघ उमटली. एकाच चाचणीवर एचआयव्ही आहे असं म्हणता येत नाही, आणि यामागचं गणित समजून घेण्यासारखं आहे. भारतात प्रौढांमध्ये एचआयव्हीचं प्रमाण साधारण ०.२ टक्के आहे. समजा १०,००० लोकांची चाचणी केली. त्यात सुमारे २० जणांना खरी लागण असेल. आता समजा किट फार चांगली आहे, लागण नसलेल्या १,००० जणांपैकी फक्त ५ जणांना चुकून रिअ‍ॅक्टिव्ह दाखवते. तरी १०,००० मध्ये असे जवळपास ५० जण निघतील. म्हणजे पहिल्या चाचणीत रिअ‍ॅक्टिव्ह आलेल्या ७० पैकी ५० जणांना एचआयव्ही नसेलच!

ही चूक किटच्या प्रथिनाला भलत्याच अँटिबॉडी चिकटल्याने होते. म्हणूनच आपल्या केंद्रांवर लक्षणं नसलेल्या माणसाला पॉझिटिव्ह ठरवण्याआधी तीन वेगवेगळ्या किट वापरतात. त्या किटमधली प्रथिनं किंवा चाचणीची पद्धत वेगवेगळी असावी लागते. तीच किट तीनदा वापरली तर तीच चूक तीनदा होईल. तीन निराळ्या किटनी एकच निकाल दिला, तर तो चुकीचा असण्याची शक्यता अगदी थोडी उरते.

खासगी लॅबमध्ये एकाच चाचणीचा रिअ‍ॅक्टिव्ह रिपोर्ट घेऊन माणसं घरी येतात आणि रात्रभर झोपत नाहीत. कुणी लग्न मोडतं, कुणी घर सोडतं. पक्कं निदान होईपर्यंत असा कोणताही निर्णय घेऊ नका, एवढं कळकळीने सांगावंसं वाटतं.

वेस्टर्न ब्लॉट करून घ्यावी का?

पूर्वी ती खात्रीची चाचणी मानली जायची. तिच्यात विषाणूची प्रथिनं वजनानुसार पट्टीवर वेगवेगळी पसरवतात आणि कोणत्या प्रथिनाविरुद्ध अँटिबॉडी आहेत ते रेघांवरून पाहतात. पण ताज्या लागणीत रेघा अपुऱ्या येतात, निकाल 'अनिश्चित' निघतो, खर्च आणि वेळ दोन्ही जातो. २०१४ मध्ये सीडीसीने ती आपल्या क्रमातून काढली, २०१९ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनेही ती थांबवायला सांगितलं. कुणी आग्रह केला तर कारण जरूर विचारा.

आई पॉझिटिव्ह आहे. बाळाची अँटिबॉडी चाचणीही पॉझिटिव्ह आली. बाळाला लागण झाली का?

या निकालावरून काहीच ठरत नाही. आईच्या अँटिबॉडी वारेतून बाळात उतरतात आणि दीड वर्षापर्यंत राहू शकतात. चाचणीला दिसतात त्या आईच्या. त्यामुळे लहान बाळात अँटिबॉडी न पाहता विषाणूचं जनुकीय द्रव्य पाहतात. सहा आठवड्यांचं बाळ झालं की टाचेतून रक्ताचे थेंब खास कागदावर घेऊन पाठवतात. अंतिम निर्णय १८ महिन्यांनंतरच्या चाचणीने होतो. मधल्या काळात बाळाचं औषध आणि आईची एआरटी, दोन्ही न चुकता चालू ठेवायची.

एचआयव्ही-२ वेगळा का मोजतात?

एचआयव्हीचे १ आणि २ असे दोन प्रकार आहेत, आणि दुसऱ्याची प्रथिनं वेगळी आहेत. एचआयव्ही-१ च्या जीपी४१ च्या जागी त्याच्यात जीपी३६ असतं, म्हणून किटवर दोन्ही ठेवावी लागतात. मुंबईत तो १९९० च्या दशकाच्या सुरुवातीलाच आढळला होता. रिपोर्टवर १ की २ हे पाहणं गरजेचं आहे, कारण नेव्हिरापीन आणि इफाव्हिरेंझ ही औषधं एचआयव्ही-२ च्या रिव्हर्स ट्रान्सक्रिप्टेजवर चालत नाहीत.

औषधं कोणत्या प्रथिनांवर काम करतात?

आज आपल्या एआरटी केंद्रात सर्वाधिक दिली जाणारी गोळी टीएलडी: टेनोफोव्हिर ३००, लॅमिव्हुडीन ३०० आणि डोल्युटेग्रॅव्हिर ५० मिलिग्रॅम. पहिली दोन रिव्हर्स ट्रान्सक्रिप्टेजला अडवतात. डीएनएची साखळी बनत असताना ती आत शिरतात आणि साखळीची वाढ तिथेच खुंटते. तिसरं इंटिग्रेजला अडवतं, म्हणजे विषाणूचा डीएनए आपल्या पेशीच्या डीएनएत जोडला जात नाही.

डोल्युटेग्रॅव्हिर हे काम कसं करतं, त्यातून घरात उपयोगी पडणारी एक गोष्ट कळते. इंटिग्रेजच्या कामाच्या जागी मॅग्नेशियमचे दोन अणू असतात आणि औषध त्यांनाच पकडून बसतं. आता तुम्ही पित्तासाठी अ‍ॅल्युमिनियम-मॅग्नेशियमचं अँटासिड घेतलंत, तर औषध पोटातच त्या धातूंना चिकटतं आणि रक्तात कमी पोचतं. म्हणून अशा अँटासिडच्या २ तास आधी किंवा ६ तास नंतर गोळी घ्यायची. कॅल्शियम किंवा लोहाच्या गोळ्या चालू असतील, विशेषतः गरोदरपणात, तर त्या आणि टीएलडी जेवणासोबत एकत्र घेता येतात, उपाशीपोटी नाही. टीबीसाठी रिफॅम्पिसिन चालू असेल तर यकृत डोल्युटेग्रॅव्हिर लवकर संपवतं, त्यामुळे ५० मिलिग्रॅमची आणखी एक गोळी बारा तासांनी देतात. टीबीची औषधं सुरू झाल्यावर हे एआरटी केंद्रात सांगायलाच हवं.

प्रोटिएजची कथा संशोधनाच्या दृष्टीने मला सर्वांत मोलाची वाटते. विषाणू आपली बरीच प्रथिनं एका लांब साखळीत बनवतो, प्रोटिएज ती साखळी ठरावीक जागी कापतं. ९९ अमिनो आम्लांचे दोन सारखे तुकडे एकत्र येऊन हे विकर तयार होतं. १९८९ मध्ये क्ष-किरणांच्या साहाय्याने त्याची रचना उलगडली आणि कापण्याच्या जागेत नेमकं बसेल असं औषध आखता येऊ लागलं. डिसेंबर १९९५ मध्ये सॅक्विनाव्हिर आलं, मार्च १९९६ मध्ये रिटोनाव्हिर आणि इंडिनाव्हिर. प्रोटिएज अडलं तरी पेशीतून विषाणू बाहेर पडतात, पण ते अर्धवट असतात, कुणालाही लागण करू शकत नाहीत. एकत्रित उपचार रुळल्यावर अमेरिकेत १९९६ ते १९९७ या एका वर्षात एड्सचे मृत्यू ४७ टक्क्यांनी घटले.

ही औषधं आपल्याकडे सामान्य माणसाला परवडत नव्हती. फेब्रुवारी २००१ मध्ये मुंबईच्या सिप्लाने तीन औषधांचा वर्षाचा उपचार ३५० डॉलरमध्ये द्यायची तयारी दाखवली, तेव्हा पाश्चात्त्य देशांत तोच उपचार दहा हजार डॉलरच्या घरात होता. त्यातली स्टॅव्हुडीन, लॅमिव्हुडीन आणि नेव्हिरापीन ही तिन्ही औषधं एकाच प्रथिनावर, रिव्हर्स ट्रान्सक्रिप्टेजवर, काम करणारी होती. तेवढ्यानेही लाखो माणसं जगली. भारत सरकारची मोफत एआरटी १ एप्रिल २००४ पासून सुरू झाली.

एखाद-दुसरी गोळी राहिली तर काय होतं?

रिव्हर्स ट्रान्सक्रिप्टेज नक्कल करताना चुका करतं आणि त्या दुरुस्त करत नाही. त्यामुळे शरीरात थोडे वेगळे असे असंख्य विषाणू तयार होत असतात. औषधाची मात्रा रक्तात पुरेशी असेल तर तेही वाढू शकत नाहीत. मात्रा वरचेवर कमी झाली, की ज्यांच्या प्रथिनात सोयीचा बदल आहे ते टिकतात. या विकराच्या १८४ व्या जागी मेथिओनिन या अमिनो आम्लाऐवजी व्हॅलिन आलं, एवढ्या एका बदलाने लॅमिव्हुडीनचा जोर जातो. १०३ व्या जागी लायसिनऐवजी अस्पॅराजिन आलं की नेव्हिरापीन आणि इफाव्हिरेंझ दोन्ही निकामी.

एक गोळी विसरलात तर आठवताच घ्या आणि पुढे नेहमीच्या वेळेवर चालू ठेवा. घाबरून औषध सोडू नका. वारंवार राहत असेल तर केंद्रात मोकळेपणाने सांगा. गावी जाताना, लग्नकार्यात, ऊसतोडीच्या हंगामात जास्तीच्या गोळ्या आधी मागून घेता येतात का, हे विचारायला संकोच नको.

माझा व्हायरल लोड सापडत नाही इतका कमी आहे. आता एलायझा निगेटिव्ह येईल का?

नाही. औषधाने विषाणू दबला तरी अँटिबॉडी राहतात, म्हणून चाचणी पॉझिटिव्हच येत राहते. उपचार चालतोय का हे व्हायरल लोडवरून, म्हणजे रक्तातल्या विषाणूच्या प्रमाणावरून, कळतं. एलायझा पुन्हा पुन्हा करून पैसे घालवू नका.

आनंदाची गोष्ट अशी, की लोड असा दबलेला राहिला तर जोडीदाराला लैंगिक संबंधातून लागण होत नाही. याचा भक्कम पुरावा देणाऱ्या एचपीटीएन ०५२ या मोठ्या अभ्यासात पुणे आणि चेन्नईतली जोडपीही होती. लवकर उपचार सुरू केल्याने जोडीदाराची लागण ९६ टक्क्यांनी घटल्याचं २०११ मध्ये जाहीर झालं.

सहा महिन्यांतून एकदा घ्यायचं इंजेक्शन कोणत्या प्रथिनावर आहे?

लेनाकापाव्हिर. ते पी२४ च्या कवचाला पकडतं. सुमारे १,५०० पी२४ रेणू एकमेकांना जोडून ते कवच बनतं, आणि ते योग्य वेळी उघडणं विषाणूला गरजेचं असतं. औषध रेणूंच्या सांध्यात बसतं, त्यामुळे कवचाचं उघडणंही बिघडतं आणि नव्याने बनणंही. जे प्रथिन इतकी वर्षं फक्त चाचणीपुरतं माहीत होतं, त्याच्यावरच औषध निघालं. दक्षिण आफ्रिका आणि युगांडातल्या चाचणीत हे इंजेक्शन घेतलेल्या २,१३४ तरुणींपैकी एकीलाही लागण झाली नाही, असं २०२४ मध्ये जाहीर झालं. जून २०२५ मध्ये अमेरिकेत प्रतिबंधासाठी त्याला मान्यता मिळाली. स्वस्त आवृत्ती बनवण्याचा परवाना मिळालेल्या सहा कंपन्यांत पुण्याची एमक्युअर आहे.

मग लस का नाही?

अडचण जीपी१२० ची आहे. त्याचं जवळपास निम्मं वजन साखरेच्या साखळ्यांचं. त्या आपल्याच पेशींनी चढवलेल्या असतात, म्हणून प्रतिकारशक्ती त्यांना परकं मानत नाही. उघडा राहिलेला भाग सतत बदलतो. थायलंडमधल्या लसीच्या चाचणीत २००९ मध्ये ३१ टक्के संरक्षण दिसलं, त्याच धर्तीची दक्षिण आफ्रिकेतली चाचणी २०२० मध्ये उपयोग दिसेना म्हणून थांबवावी लागली.

भारतातली पहिली एचआयव्ही लसीची चाचणी २००५ मध्ये पुण्यात भोसरीच्या राष्ट्रीय एड्स संशोधन संस्थेत सुरू झाली. आपल्याकडे सर्वाधिक आढळणाऱ्या 'सी' उपप्रकाराची जनुकं तिच्यात होती. ती लस पुढे गेली नाही, पण सुदृढ असूनही स्वतःहून पुढे आलेल्या त्या स्वयंसेवकांचं ऋण मोठं आहे.

लस घेतल्याने चाचणी पॉझिटिव्ह येऊ शकते?

एचआयव्ही लसीच्या चाचणीत भाग घेतला असेल तर हो. शरीराने विषाणूच्या प्रथिनाविरुद्ध अँटिबॉडी बनवलेल्या असतात, विषाणू मात्र नसतो. अशा वेळी आरएनए तपासतात.

यातलं सर्वांत गाजलेलं प्रकरण कोविडच्या काळातलं आहे. ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँड विद्यापीठाने कोविड लसीतलं प्रथिन स्थिर ठेवण्यासाठी जीपी४१ चे दोन छोटे तुकडे वापरले होते. त्यांच्यापासून एचआयव्ही होणं अशक्य. पण लस घेतलेल्या स्वयंसेवकांच्या काही एचआयव्ही चाचण्या रिअ‍ॅक्टिव्ह येऊ लागल्या. डिसेंबर २०२० मध्ये ती लस सोडून द्यावी लागली, कारण कोट्यवधी लोकांना ती दिली असती तर देशभरातल्या एचआयव्ही चाचण्यांचा भरवसा गेला असता.

नेहमीच्या लसींमध्ये एचआयव्हीचं प्रथिन नसतं. त्या घ्यायला अजिबात कचरू नका.

प्रोटीन पावडर, डाळी, अंडी खाल्ल्याने निकाल बदलतो का?

नाही. खाल्लेलं प्रथिन पोटात पचून सुटं होतं. उपाशीपोटी जायचीही गरज नाही. केसांसाठी मोठ्या मात्रेच्या बायोटिनच्या गोळ्या घेत असाल तर तेवढं लॅबमध्ये सांगा, काही प्रकारच्या चाचण्यांत त्यांचा अडथळा होतो.

चाचणी कुठे करावी? कुणाला कळेल का?

जिल्हा रुग्णालयं, वैद्यकीय महाविद्यालयं आणि अनेक ग्रामीण रुग्णालयांतल्या आयसीटीसी, म्हणजे समुपदेशन आणि चाचणी, केंद्रांत चाचणी मोफत होते, आधी आणि नंतर समुपदेशक बोलतात. १० सप्टेंबर २०१८ पासून लागू झालेल्या एचआयव्ही-एड्स कायद्यानुसार तुमच्या संमतीशिवाय चाचणी करता येत नाही आणि तुमचा निकाल गुप्त ठेवणं बंधनकारक आहे. नोकरीसाठी चाचणीची अट घालणंही या कायद्याने वर्ज्य आहे. जवळचं केंद्र माहीत नसेल तर १०९७ या मोफत क्रमांकावर विचारा. नाव सांगावं लागत नाही.